शब्दचर्चा: ‘अंडरसाइझ बेअरिंग’ला मराठीत काय म्हणाल?

काठावरचा:
मंडळी, अडलोय. इंजिन खोलून पुन्हा बांधण्यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतोय. वाचणारे शिकाऊ मेकॅनिक, त्यामुळे भाषा सोपी हवी. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, प्रकरणात सांगितलंय की हा क्रँक घासून ०.२५ मिमीने बारीक केला असेल तर ०.२५ अंडरसाइझ बेअरिंग घ्यावं. मी लिहिलं, ‘०.२५ मिमी कमी मापाचं बेअरिंग’. मसुदा तपासणारे गृहस्थ आयुष्यभर इंजिनकाम केलेले. त्यांनी लाल शाईत शेरा मारला, ‘चूक. जाड बेअरिंग.’ विचार केल्यावर पटलं. क्रँक बारीक झाला, बेअरिंगचं घर होतं तेवढंच राहिलं, म्हणजे मधली पट्टी जाडच लागणार. मग इंग्रजीवाले तिला ‘अंडर’ का म्हणतात? आणि आपण काय म्हणायचं?

यंत्राकडून भाषांतर करून घ्या असं कृपया सुचवू नका. करून पाहिलं. ‘मेन जर्नलचा व्यास’ (जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) याचं ‘मुख्य नियतकालिकाचा व्यास’ झालं.

सूतभर:
नियतकालिक! वार्षिक वर्गणी भरली की व्यास घरपोच.

जुना फिटर:
तुम्ही दोघंही बरोबर आहात, मापं वेगवेगळी मोजताय एवढंच. समजा जर्नल ५० मिमीचं होतं, घासून ४९.७५ केलं. बेअरिंग म्हणजे दोन अर्धगोल शेल. दोन्ही बसवल्यावर आतलं भोक ०.२५ ने लहान हवं, म्हणून ‘अंडर’. त्यासाठी प्रत्येक शेल भिंतीला ०.१२५ ने जाड. नाव भोकाचं, जाडी शेलची. पिस्टनचं उलट असतं. तिथे सिलिंडर बोअर केल्यावर भोक मोठं होतं, म्हणून पिस्टन ओव्हरसाइझ.

आम्ही यातलं काहीच बोलत नाही. ‘पंचवीस टाक’, ‘पन्नास टाक’, संपलं. इंचवाले ‘दहा’, ‘वीस’ म्हणतात, म्हणजे दहा थाऊ, वीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जुन्या शेलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, ते आधी बघायचं. पण त्यावर विसंबून नवीन मागवायचं नाही. क्रँक घासून आला की मायक्रोमीटर लावायचा आणि मगच बेअरिंग. हे तुमच्या पुस्तिकेत ठळक अक्षरात टाका, शब्द कुठलाही वापरा.

शब्दवेल्हाळ:
मुळात ‘बेअरिंग’ कशाला? विश्वकोशात ‘धारवा’ आहे. पिस्टनला ‘दट्ट्या’ आहे. सुंदर, आटोपशीर, उच्चारायला सोपे शब्द. ‘घट-व्यास धारवा’ म्हणा, विषय मिटला.

सूतभर:
दुकानात जाऊन धारवा मागून दाखवा. परत आलात तर फोटो टाका.

शब्दवेल्हाळ:
शब्द वापरला नाही तर रुळणार कसा? ‘वंगण’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही ना?

सूतभर:
वंगण बैलगाडीच्या काळापासून तोंडात होतं. धारवा समितीच्या टेबलावर जन्मला. फरक आहे.

धातुशोधक:
थोडं मागे जातो. इंग्रजी ‘बेअर’ म्हणजे वाहणे आणि संस्कृत ‘भृ’ ही सख्खी भावंडं आहेत, दोघांचं मूळ एकच. त्याच ‘भृ’पासून आपला ‘भार’ आला. धारवा मात्र ‘धृ’चा, म्हणजे धरणारा. बेअरिंग क्रँकला धरत नाही, त्याचा भार वाहतं. धरून ठेवलं तर इंजिन जाम होईल! तेव्हा शब्द घडवायचाच होता तर ‘भारवा’ व्हायला हवा होता. ‘भर्ता’ म्हणजे नवरा, तोही ‘भृ’चाच. बेअरिंग आणि नवरा एकाच घरचे.

उंबऱ्यावरून:
दोघेही तेल संपलं की आवाज करतात.

जुना फिटर:
हसलो. पण धातुशोधक, तुमचा मुद्दा कामाचा आहे. चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेलाच नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या थरासाठी जागा ठेवावी लागते. ढोबळ हिशेब असा की जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमीच्या आसपास. नेमकं माप त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच धरायचं. याला इंग्रजीत क्लिअरन्स म्हणतात. आमचे उस्ताद ‘वाव’ म्हणायचे. ‘तेलाला वाव ठेव रे.’

काठावरचा:
वाव! हा घेतला. मी ‘अंतर्मोकळीक’ असं काहीतरी भयंकर लिहून बसलो होतो.

शब्दवेल्हाळ:
बघा, मराठी शब्द मिळतोच.

सूतभर:
मिळाला तो उस्तादांकडे, कोशात नाही. माझा मुद्दा तोच आहे.

कानसवाला:
एक अनुभव. शिकाऊ असताना मला सांगायला कुणी नव्हतं. कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यात, शेल बसवली तर कडा घराच्या वर किंचित डोकावत होती. मला वाटलं कारखान्याची चूक. कानस घेतली आणि घासून सपाट केली, अगदी मन लावून. इंजिन बांधलं, चालू केलं, थोड्याच दिवसांत खालून ठकठक. खोललं तर शेल जागेवरून फिरली होती, तेलाचं भोक बंद, जर्नल निळं पडलेलं. तेव्हा कळलं की ती कड मुद्दाम वर ठेवतात. कॅपचे, म्हणजे घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे, बोल्ट आवळले की ती दाबली जाते आणि शेल घराला घट्ट चिकटून बसते. याला ‘क्रश’ म्हणतात. शेलला छोटी जीभ असते ना, तिने शेल धरली जाते असं मला वाटायचं. ती फक्त बसवताना जागा दाखवायला. खरी पकड क्रशची. तर माझा प्रश्न, ‘क्रश’ला काय म्हणाल?

उंबऱ्यावरून:
कॉलेजात विचारलं असतं तर वेगळं उत्तर दिलं असतं.

शब्दवेल्हाळ:
‘दाबवाढ’?

धातुशोधक:
‘चेप’. टोपी चेपून बसवतो तसं.

जुना फिटर:
चेप चालेल. कानसवाले, तुमच्यासारखे पुष्कळ झाले, वाईट वाटून घेऊ नका.

पाटावरची:
मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण ‘बेअरिंग गेलं’, ‘बेअरिंग गेली’ दोन्ही ऐकत आलेय. आमच्याकडे मिक्सरची बेअरिंग जाते, स्त्रीलिंगी. नाटकवाल्यांचं मात्र ‘बेअरिंग सुटलं’, नपुंसकलिंगी. हा एकच शब्द की दोन?

सूतभर:
नाटकातलं बेअरिंग म्हणजे भूमिकेचा आब, चालणं-बोलणं. इंजिनात सुटलं तर ठकठक, रंगमंचावर सुटलं तर खसखस.

पाटावरची:
आणि मिक्सरमध्ये छर्रे असतात. इंजिनातल्यात नसतात का?

जुना फिटर:
क्रँकच्या शेलमध्ये नसतात, ताई. काही दुचाकींच्या छोट्या इंजिनात क्रँकला छर्‍यांची किंवा रोलरची बेअरिंग असतात, पण इथे विषय साध्या शेलचा आहे. पोलादाची पाठ आणि वर मऊ धातूचा लेप. एकतर अॅल्युमिनियम-कथलाचा एकच थर, नाहीतर तांबं-शिशाचा थर आणि त्यावर अगदी पातळ मऊ मुलामा. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये मऊ धातूचं अस्तर लावलेल्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तो मऊ पांढरा धातू बॅबिट म्हणून ओळखला जातो. मऊ कशाला, तर तेलातून बारीक कण आला की तो लेपात रुतावा, क्रँकला ओरखडा पडू नये.

धातुशोधक:
म्हणजे बेअरिंग कचरा पोटात घालतं.

काठावरचा:
अहाहा! पुस्तिकेत यासाठी ‘एम्बेडेबिलिटी’ आहे. त्याचं मी ‘अंतःस्थापनक्षमता’ केलं होतं. खोडतोय.

शब्दवेल्हाळ:
‘अंतःस्थापनक्षमता’मध्ये चुकीचं काय आहे ते सांगा.

सूतभर:
ते वाचेपर्यंत इंजिन जाम होतं.

धातुशोधक:
शेलला ‘शिंपला’ म्हणून पाहा. दोन अर्ध्या, जोडीने येतात, आत गुळगुळीत. वरचा शिंपला, खालचा शिंपला.

जुना फिटर:
गोड आहे, पण ‘वरचा-खालचा’ जपून. मेन बेअरिंगला बहुधा वरच्या शेलला तेलाची चर आणि भोक असतं, खालची सपाट असते, कारण जोर खालच्या शेलवर येतो. उलटी बसवली तर तेलाची वाट बंद आणि क्रँक गेला. शिकाऊ पोरांचा शब्दांवर नाही, यावर घोटाळा होतो. आणि घासलेल्या जर्नलच्या कोपर्‍याची गोलाई मूळ इतकीच आहे ना ते तपासायला सांगा. जास्त राहिली तर शेलची कड तिच्यावर घासते, कमी केली तर क्रँक तिथून तडकतो.

काठावरचा:
सगळं टिपून घेतोय. पण मूळ प्रश्न राहिला. ‘अंडरसाइझ’चं काय करू? ‘आत लहान’? ‘जाड शेल’? ‘पंचवीसची शेल’? फाईल उद्या द्यायची आहे.

शब्दवेल्हाळ:
घट-व्यास.

सूतभर:
पंचवीसची. कंसात काही नको.

कानसवाला:
‘जाड शेल’ लिहा. मी तेव्हा वाचलं असतं तर मला कळलं असतं.

पाटावरची:
पण ‘शेल’ ती की ते?

जुना फिटर:
ती.

धातुशोधक:
ते. शिंपला मानलंत तर तो.