मदत हवी आहे : करीम बाघेरी यांच्या प्रशिक्षणाच्या कारकिर्दीविषयी कसे लिहावे?

नमस्कार. आमच्या फुटबॉल मंडळाच्या वार्षिकांकासाठी मी इराणचे माजी मिडफिल्डर करीम बाघेरी यांच्यावर लेख लिहीत आहे. लेखाचा पूर्वार्ध झाला आहे, उत्तरार्धाशी अडलो आहे.

खेळाडू म्हणून त्यांची ओळख करून देणे सोपे होते. १९७४ साली तब्रीझ येथे जन्म, तिथल्याच ट्रॅक्टर संघातून सुरुवात आणि पुढे तेहरानचा पर्सेपोलिस. मधल्या फळीत खेळूनही त्यांच्या नावावर ८७ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ५० गोल आहेत. यातले सात गोल २ जून १९९७ रोजी दमास्कसला मालदीवविरुद्धच्या एकाच सामन्यात झाले, आणि तो सामना इराणने १७-० असा जिंकला, हे सांगून काही जण या आकड्याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये, विश्वचषक पात्रतेच्या दोन सामन्यांच्या लढतीतील दुसऱ्या सामन्यात, ऑस्ट्रेलिया २-० ने पुढे असताना आणि शेवटची वीसेक मिनिटे उरली असताना पहिला गोल फेडला तो बाघेरी यांनीच. काही मिनिटांत खोदादाद अझीझी यांनी बरोबरी साधली आणि तेहरानमधला सामना १-१ असा सुटलेला असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील जास्त गोलांच्या जोरावर इराण १९७८ नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. त्यानंतरची जर्मनीतील आर्मिनिया बीलेफेल्डची वर्षे मी सविस्तर लिहिली आहेत, कारण १९९८ मध्ये संघाची खालच्या श्रेणीत घसरण झाल्यावर त्यांचे इराणी सहकारी अली दाई बायर्न म्युनिकला गेले, बाघेरी मात्र तिथेच राहिले. इंग्लंडमधल्या चार्ल्टनसाठी त्यांना लीगचा एकच सामना मिळाला. तो एका वाक्यात आटोपला आहे.

खरी अडचण २०१० मधील निवृत्तीनंतरची आहे. ते बराच काळ पर्सेपोलिसचे सहायक प्रशिक्षक राहिले, आणि सहायकाच्या नावावर ना विजय जमा होतात, ना पराभव. अशा माणसाच्या कामाचे मोजमाप लेखात कशाच्या आधारे करावे? एप्रिल २०२१ मध्ये पर्सेपोलिस आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी मडगावच्या फातोर्डा मैदानावर आला होता, म्हणून आमच्या वाचकांसाठी तो धागा घ्यावा असेही मनात आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण विजेतेपदे मोजण्याऐवजी सातत्य पाहावे, असे मी सुचवीन. पर्सेपोलिसने २०१६-१७ ते २०२०-२१ अशी सलग पाच वर्षे इराणची लीग जिंकली आणि २०१८ व २०२० मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. या काळात मुख्य प्रशिक्षक बदलले. ब्रांको इव्हांकोविच गेले, गॅब्रिएल काल्देरॉन आले आणि गेले, मग याह्या गोलमोहम्मदी आले. बाघेरी मात्र राहिले. नवा प्रशिक्षक साधारणपणे आपली माणसे घेऊन येतो, आणि तरीही जुना सहायक टिकतो तेव्हा ड्रेसिंग रूममधल्या त्याच्या वजनाचा अंदाज येतो. अर्थात, यावरून पाच विजेतेपदे त्यांच्या खात्यावर टाकू नयेत. डावपेचांची जबाबदारी मुख्य प्रशिक्षकाचीच असते. २०२४ च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक हुआन कार्लोस गारिदो गेल्यावर हंगामी सूत्रे बाघेरी यांच्याकडे आली, ही घटना आपल्या उत्तरार्धाच्या मध्यभागी ठेवता येईल, कारण तिथे निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

फातोर्ड्याचा धागा जरूर घ्यावा, पण आटोपशीर. पहिल्या लढतीत एदू बेदियाच्या हेडरने एफसी गोवा आघाडीवर गेला, मात्र मध्यंतरापूर्वीच पर्सेपोलिसने दोन गोल केले आणि सामना २-१ असा जिंकला. तीन दिवसांनी झालेली दुसरी लढत ४-० अशी एकतर्फी झाली. प्रेक्षकांविना झालेले हे सामने आपल्या वाचकांपैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेले असतील. तेव्हा सामन्याचे वर्णन न करता, त्या बाकावर मेलबर्नचा गोल करणारा माणूस बसला होता एवढे सांगितले तरी पुरे.