मदत हवी आहे: फुटलेल्या पित्ताशयाचं कोडिंग

नमस्कार मंडळी, सांगलीत एका हॉस्पिटलच्या बिलिंगला आहे. एका आजींचं सुजलेलं पित्ताशय आतच फुटलं होतं. ऑपरेशन नोटमध्ये सर्जननी स्पष्ट लिहिलंय: फंडसला (पित्ताशयाच्या टोकाला) भोक, लिव्हरखाली पू, खडा बाहेर पडलेला. डिस्चार्ज कार्डावर मात्र नुसतं 'अक्यूट कोलेसिस्टायटिस' (पित्ताशयाची तीव्र सूज)!

आयसीडी-१० (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) प्रमाणे खडा आहे म्हणजे के८१.० (खड्याविना तीव्र सूज) नाही, के८०.० (खड्यासह तीव्र सूज), इथवर ठीक. पण फुटल्याचा के८२.२ सोबत लावायचा ना? अमेरिकन आवृत्तीत त्याला वेगळा के८२.ए२ आहे, तोही मूळ आजाराच्या कोडनंतरच. तुमच्याकडचे टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्था) कुठली आवृत्ती धरतात?

माझ्या मते सर्जनकडून तारीख-सहीनिशी पुरवणी नोंद घ्यायलाच हवी. की ऑपरेशन नोट जोडून भागतं? क्लेम अडकला तर घरच्यांवर भार पडेल, म्हणून फाइल पाठवण्याआधी विचारतोय. ज्यांनी अशी केस केलीय त्यांनी कृपया सांगा.