मदत हवी आहे: केंद्राचं कर्ज रुपयातले २४ पैसे की ३१?

नमस्कार मंडळी,

कळव्यातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवतो. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प शिकवत असताना एका मुलीने शंका काढली, आणि मला उत्तर देता आलं नाही.

अर्थसंकल्पासोबतच्या 'रुपया कसा येतो' या चित्रात (सरकारकडे येणाऱ्या दर रुपयातले किती पैसे कुठून येतात ते दाखवणाऱ्या) कर्जाचे २४ पैसे आहेत. पण एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून येणाऱ्या पैशापेक्षा जास्तीचा खर्च, १५.६९ लाख कोटी. भागाकार केला की ३१ पैसे येतात! व्याजाचंही तेच. १२.७६ लाख कोटी म्हणजे २५ पैसे व्हायला हवेत, 'रुपया कसा जातो' या चित्रात २० आहेत. एवढा फरक काही पूर्णांकात मांडल्यामुळे पडत नाही. तूट कर्जातून भरली जाते हे मुलांना पक्कं शिकवलंय, आणि नेमका तोच आकडा जुळत नाहीये. कुणी नीट समजावून सांगेल का? मुलं रविवारी पुन्हा विचारणार आहेत.

प्रतिसाद १

दोन्ही आकडे बरोबर आहेत, छेद वेगळा आहे. ५०.६५ मध्ये राज्यांना जाणारा करांचा वाटा धरलेला नसतो. तो आधीच वजा होतो. चित्रात मात्र तो दोन्हीकडे आहे: येताना करांमध्ये, जाताना 'राज्यांचा वाटा २२ पैसे' म्हणून. हा वाटा १४.२२ लाख कोटी. तो मिळवा, ६४.८७ होतात. आता १५.६९ ला त्याने भागा, २४ पैसे. व्याजाचे २०.

मुलांना शिकवताना मी तिसरा छेद घेईन. कर्ज काढून आणलेला पैसा उत्पन्नात का धरायचा? महसुली जमा, म्हणजे राज्यांचा वाटा वजा करून उरलेले कर आणि इतर नेहमीचं उत्पन्न, ३४.२० लाख कोटी आहे. तिच्याशी तुलना केली तर व्याज रुपयाला ३७ पैसे खातं. सरकारच्या हातात खरोखर किती उरतं ते या आकड्यावरून कळतं, आणि चित्रात नेमकं हेच दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! ताळा केला, तंतोतंत जुळतंय. ३७ पैशांचा मुद्दा रविवारी फळ्यावर सगळ्यात आधी लिहिणार.

पण त्यातूनच पुढची शंका. केंद्र आणि राज्यांमधली करांची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के दिले ना? एकूण कर ४२.७० लाख कोटी, त्यातले १४.२२ म्हणजे जेमतेम ३३ टक्के.

प्रतिसाद २

४१ टक्के हे विभाज्य निधीचे, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांचे, सगळ्या करांचे नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर (ठरावीक कामासाठीचा कर) आणि अधिभार (करावरचा जादा कर) त्या निधीत येत नाहीत, करवसुलीचा खर्चही आधी वजा होतो. पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते उपकर घ्या. पैसे ठाण्याच्या पंपावर भरले तरी वाटणीत महाराष्ट्राला त्यातलं काही नाही. या आयोगाने २०२१-२६ साठी ठरवलेला आपल्या राज्याचा ६.३१७ टक्के हिस्सासुद्धा राज्यांना मिळणाऱ्या त्या ४१ टक्क्यांतलाच. राज्यांची तक्रार याचसाठी असते, आणि मला ती रास्त वाटते.

मूळ प्रश्नकर्ता

आता उलगडा झाला. उपकर-अधिभारांचे मागच्या काही वर्षांचे आकडे एकत्र कुणाकडे आहेत का? अर्थसंकल्पातल्या जमेच्या पुस्तिकेतून, 'प्राप्ती अंदाजपत्रका'तून, एकेक वर्ष काढतोय, पण तयार तक्ता मिळाला तर मुलांकडून आलेख काढून घेता येईल.