स्कोप चित्रपट, जुनी डीव्हीडी आणि मंडईतला पडदा

भाऊ, मंडईत लावलेल्या जुन्या स्कोप (खूप रुंद चौकटीच्या) चित्रपटात माणसं काडीसारखी लांब दिसली, त्यात डिस्कचा दोष नाही. डीव्हीडी अनामॉर्फिक आहे (रुंद चित्र आडवं दाबून साठवलेलं), प्लेअर १६:९ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ४:३ वर अडकलाय. प्रोजेक्टरच्या मेनूत आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९ करा.

वरखाली काळे पट्टे राहणारच. स्कोपचं २.३५:१ चं चित्र १२ फूट रुंद पडद्यावर जेमतेम ५ फूट उंच भरतं. झूम करून पट्टे घालवाल तर कडेची पात्रंच कापली जातील (पब्लिक ओरडली तरी करू नका).

चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत बसलं तर मात्र प्रत ४:३ लेटरबॉक्स समजा (काळे पट्टे चित्रातच साठवलेले). पालच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) ५७६ आडव्या ओळींपैकी चित्राला साधारण ३२७ च मिळतात. अनामॉर्फिकमध्ये ४३६, ब्लू-रेवर ८१७. लेटरबॉक्सच्या ३२७ ओळींत मोठ्या पडद्यावर चेहरे पुसटच दिसणार.