घोळणा फुटतोय, मग तुकडा का नाही काढला?
भाच्याच्या नाकातल्या गाठीचा तुकडा तपासायला का घेतला नाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते डॉक्टरांनी बरोबरच केलं. १५ वर्षांचा मुलगा, एकच नाकपुडी चोंदलेली आणि वरचेवर घोळणा फुटणं म्हटलं की आधी अँजिओफायब्रोमाची शंका येते. ही गाठ कर्करोगाची नसते, पण आत रक्तवाहिन्यांचं नुसतं जाळं! ओपीडीत चिमटा लावला तर रक्त आवरता आवरत नाही. म्हणून दुर्बिणीने बघून आणि कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन काढलेल्या सीटी-एमआरआयवरच निदान करतात. ऑपरेशनआधी २४ ते ७२ तासांत गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बहुधा आतून बंद करतात. मग बऱ्याचदा नाकावाटेच ती निघते, चेहऱ्यावर व्रण नाही. मुळाशी थोडी राहिली तर पुन्हा वाढते, तेव्हा नंतरचे एमआरआय चुकवू नका.