मदत हवी आहे: नियम १० ची नोटीस, पण वेतनवाढ कायमस्वरूपी रोखली

मी राज्य शासनाचा वर्ग ३ कर्मचारी, २०११ पासून सेवेत. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम १० खाली, म्हणजे किरकोळ शिक्षेसाठी, मला ज्ञापन मिळालं. दहा दिवसांत लेखी खुलासा दिला. चौकशी अधिकारी नेमला नाही, साक्षीपुरावा झाला नाही. आदेश मात्र असा: एक वेतनवाढ रोखली, "पुढील वेतनवाढींवर परिणाम होईल".

माझ्या वाचनानुसार असा कायम परिणाम करायचा तर नियम ८ प्रमाणे रीतसर चौकशी लागते. आस्थापना शाखेत विचारलं, तर "अपिलात मांडा" एवढंच उत्तर. (टंकलेखनाची चूक असेल असंही एकजण म्हणाला, पण शुद्धिपत्रक काढायला कोणी तयार नाही.) आदेश मिळून २८ दिवस झालेत, म्हणजे ४५ दिवसांची मुदत अजून आहे. निलंबन नव्हतं, आधीची शिक्षाही नाही. खुलासा आणि आदेशाच्या प्रती हाताशी आहेत. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) लगेच जायचं नाही, आधी अपीलच करायचं आहे.

अपिलात फक्त कार्यपद्धतीचा मुद्दा धरला, तर अपील अधिकारी कायम परिणामाचे शब्द काढून तीच शिक्षा ठेवतात, की प्रकरण नियम ८ च्या चौकशीसाठी परत पाठवतात? असा आदेश कुणाला मिळाला होता का?