पेटीचा छंद की पेटीचा नाद?

पडवी :
बाबांचं सहस्रचंद्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. टोरांटोच्या भाचीने त्यानिमित्त चार पानांची पुस्तिका इंग्रजीत लिहून पाठवलीय, मराठी करायचं काम माझ्याकडे. बाकी सगळं झालं, एका ओळीवर गाडी अडलीय. तिने लिहिलंय, आजोबांची हॉबी म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणं. मी सरळ 'छंद : पेट्या दुरुस्त करणे' असं लिहिलं आणि आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती एकदम उसळली. "छंद कसलो? तेका पेटयेचो नाद! छंद पोरांचे, तिकिटा जमवूचे." थोरल्या काकांचं अगदी उलट. नाद हा शब्द छापायचा नाही म्हणाले, नाद बाईचा नाहीतर बाटलीचा.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. नागपंचमी झाली की आसपासच्या वाड्यांतली भजनी मंडळं आपापल्या पेट्या आणून टाकायची, चतुर्थीपर्यंत आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आम्ही कुडाळकडचे. तुमच्याकडे अशा माणसाबद्दल काय म्हणतात ते सांगा. परवा छापखान्यात द्यायचंय.

वळचण :
छंदच लिहा. शाळेतल्या निबंधापासून सुट्टीतल्या छंदवर्गापर्यंत हाच शब्द आहे आणि तो वाचून कुणाची भुवई वर जात नाही. फक्त 'छंद जोपासला' असं लिहू नका, अगदी हात जोडून सांगते. जोपासतात ते रोप. वर्तमानपत्रांनी हे इतकं लिहिलं की आता छंद म्हटलं की हाताला दुसरं क्रियापद लागतच नाही.

बारीवाला :
पडवीताई, आत्याबाईंचं बरोबर आहे. आमच्या खेड-जुन्नर पट्ट्यात बैलगाड्याचा नादच म्हणतात. शर्यतीच्या घाटात उभं राहून 'मला बैलगाड्याचा छंद आहे' म्हणालात तर हा माणूस पाहुणा आहे हे लगेच कळेल.

आमच्या वडिलांचं सांगतो. २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळेपर्यंत साडेसात वर्षं शर्यतीची एक बारी झाली नाही. गावातल्या बऱ्याच जणांनी बैलं विकली, वडिलांनी दावण मोडली नाही. रोज पहाटे उठून कणकेचे गोळे, आठवड्यातून दोनदा बंधाऱ्यावर पोहणी, रात्री झोपायच्या आधी पाठीवरून एकदा हात. आई म्हणायची, पळायचंच नाही तर कशापायी चारता? त्यांच्याकडे उत्तर नसायचं. याला हौस म्हणता येईल का? हौस असती तर सात वर्षांत फिटली असती.

दप्तर :
बारीवाले, तुमचं शेवटचं वाक्य या प्रश्नाची किल्ली आहे. शब्दाचा अर्थ कोशात बघण्याआधी त्याच्या शेजारी कुठलं क्रियापद बसतं ते बघावं. हौस भागते, फिटते, दुसऱ्याला पुरवता येते. डोहाळजेवणात सगळं घर मिळून एकीची हौस पुरवतं. नाद कुणाला पुरवता येत नाही. तो लागतो, कुणीतरी लावतो, आणि एकतर सुटतो नाहीतर सुटत नाही. फिटत मात्र नाही. छंदही पूर्वी लागायचाच. आता तो अर्जातल्या रकान्यासारखा नुसता 'असतो'.

आणि छंद सोज्वळ आहे हा समज तर अलीकडचा. छंदीफंदी म्हणजे काय ते सांगायला नको. छांदिष्ट म्हणजे लहरी, विक्षिप्त. हट्टाला पेटलेल्या पोराला माझी आजी 'हा काय छंद घेतलायस' असं दटावायची. छंदवर्गांनी त्या शब्दाचे केस विंचरून, भांग पाडून त्याला शाळेत बसवलं. मला तो जुना, विस्कटलेला छंद जास्त खरा वाटतो.

टाळ :
छंद म्हणजे मुळात वृत्त. यास्कांनी निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथात, 'छन्दांसि छादनात्' म्हटलंय, म्हणजे जे झाकतं ते. छंद माणसाला झाकून टाकतो, बाकीचं काही दिसू देत नाही. आणि नाद म्हणजे आवाज. एकदा कानात बसला की निघत नाही, म्हणून नाद लागणे. नादान हाही त्यातलाच, नादाने वेडा झालेला. पडवीताईंच्या बाबांना तर पेटीचा नाद दोन्ही अर्थांनी. यापेक्षा चांगला शब्द कुठून आणणार?

दप्तर :
टाळदादा, दोन ठिकाणी अडवतो. वृत्ताचा तो छन्दस्, आणि इच्छा, मर्जी या अर्थाचा तो अकारान्त छन्द. मराठीतला छंद या दुसऱ्या घरचा, स्वच्छंदही तिथलाच. यास्क बोलतात ते पहिल्याबद्दल. आणि नादानचा नादाशी काही संबंध नाही. तो फारसी, ना म्हणजे नाही आणि दान म्हणजे जाणणारा. नादुरुस्तमधला 'ना' तोच.

टाळ :
नादानचं मान्य. पण नाद कानात बसतो म्हणून लागतो, हे मी सोडणार नाही. माझे वडील मृदंग वाजवायचे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं.

माझी बोली :
एवढी चर्चा, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. हॉबी हा एक परका शब्द काढायचा आणि त्याजागी हौस हा दुसरा परका आणायचा? हौस अरबी, शौक अरबी. ज्या भाषेला दिनांक आणि महापौर रुजवता आले तिला इथे उसनवारी का लागावी? छंद आणि नाद दोन्ही आपले आहेत, त्यातला एक घ्या. घराच्या पुस्तिकेत तरी भाषा घरची असावी.

संत्रानगरी :
दादा, हौस परकी? हौसाबाई नावाच्या किती आज्या महाराष्ट्राने पाहिल्या, त्यांची नावं काय बदलून घ्यायची? अरबी हवस हिंदीत गेला तर वासना झाला. मराठीत आला तर मंगळागौरीत शिरला, रुखवतात बसला, नव्या साडीच्या घडीत गेला. शब्द आपण नुसता घेतला नाही, त्याला वळण लावलं. मग तो आपला नाही तर कुणाचा? आमच्याकडे नागपुरात शौकही सरळ चालतो. 'त्याले गाण्याचा मोठा शौक' म्हटलं की कुणी तमाशाच्या फडाकडे बघत नाही.

छंदाबद्दल आणखी एक. मी पाली शिकते. तिथे छंद म्हणजे करण्याची इच्छा, चांगलीही आणि वाईटही. माणूस ज्या चार कारणांनी वाट सोडतो त्या अगतींत दोस, मोह आणि भय यांच्या पंगतीला छंदही बसवलाय, पक्षपात या अर्थाने. दप्तरकाका म्हणतात तो विस्कटलेला छंद फार जुना आहे.

माझी बोली :
वळण लावलं हे मान्य. पण याच न्यायाने उद्या हॉबीलाही वळण लागेल आणि तुम्ही तिच्याही बाजूने उभ्या राहाल. कुठेतरी दार लावायला हवं.

वळचण :
लागलंच आहे की वळण. माझी कामवाली मावशी 'मला शिवणाची हॉबी हाय' म्हणते. मी तिला काय सांगू, दार बंद आहे?

विंगेत :
हौशी या शब्दावर बोलायचंय. थोडं मनाला लागलेलं आहे. महाराष्ट्र राज्य हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. मी त्यात अकरा वर्षं कामं केली. दिवसा नोकरी, संध्याकाळी सातला तालीम, रात्रीची शेवटची बस चुकली की सायकल. त्या नावातला हौशी हा शब्द आम्ही छातीवर लावून फिरायचो. एका वर्षी एका परीक्षकांनी प्रयोगानंतर सांगितलं, 'काम जरा हौशी वाटलं.' हौशी स्पर्धेत! पोटासाठी न करणारा तो हौशी, हा अर्थ मागे कधी पडला आणि कच्चा तो हौशी हा अर्थ पुढे कधी आला ते कळलंच नाही. नुसते हौसे, नवसे, गवसे यांच्या यादीत आम्हाला बसवून टाकलं. ताई, बाबांना हौशी म्हणू नका. त्यांनी दुरुस्त केलेली पेटी कच्ची निघत नसणार.

बारीवाला :
विंगेतदादा, अकरा वर्षं शेवटची बस चुकवलीत. तो नाद होता. छंदही नव्हे आणि हौसही नव्हे.

विंगेत :
घरी बायको हेच म्हणायची, पण तिच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं नाही.

संत्रानगरी :
तिथेच तर गोम आहे. नाद हा शब्द घरातली बाई वापरते तेव्हा त्यात तिने एकटीने काढलेल्या संध्याकाळीही असतात. पडवीताई, तुमच्या आईला विचारलंत का?

पडवी :
आई जाऊन चार वर्षं झाली. पण ती काय म्हणायची ते आठवतंय. 'आज खुळ्याचो बाजार मोठो हा' म्हणायची आणि पेट्या घेऊन आलेल्या सगळ्यांना चहा टाकायची.

तुमचं सगळं वाचून काल बाबांजवळ जाऊन बसले. आता पडवीत एकच पेटी असते, त्यांची स्वतःची. तिचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, काढून जुन्या ब्लेडने खरवडत होते. मी लहानपणी शंभरदा पाहिलेलं, पण का ते कधी विचारलं नव्हतं. पितळेच्या पातीला टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि एकदा जास्त गेलं की ती पाती फुकट. मध्येच ओठांजवळ धरून फुंकून बघतात. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. पातीला ब्लेड टेकलं की तेवढ्यापुरता थांबतो.

मी विचारलं, बाबा, तुम्हाला याचा छंद आहे असं लिहू की नाद? म्हणाले, "पालिताण्याचे सूर आसत, ह्या लिही."

दप्तर :
पालिताण्याचे म्हणजे गुजरातेतले का? तिथल्या सुरांचं नाव आमच्याकडचे जुने पेटीवाले फार आदराने घेतात. नुसते सूर म्हणतात की पाती म्हणतात तुमच्याकडे? रीड हा शब्द कधी आला?

पडवी :
सूरच म्हणतात. रीड मी पहिल्यांदा पुण्यात ऐकला.

माझी बोली :
हे पुस्तिकेत नक्की घाला. सूर, पाती, भाता, पट्टी, हे सगळे शब्द छापले जायला हवेत. हॉबीची ओळ गेली तरी चालेल.

वळचण :
ओळ जाऊ देऊ नका! भाचीने एवढ्या प्रेमाने लिहिलीय. छंद लिहा आणि मोकळ्या व्हा.

टाळ :
नाद.

बारीवाला :
ताई, एक विचारायचं राहिलं. आमच्या हरिपाठाच्या मंडळाची पेटी आहे, फार जुनी. एक सूर पट्टी दाबली नाही तरी वाजतच राहतो. तालुक्याच्या दुकानदाराने नवी घ्या म्हणून सांगितलं. बाबांना विचारून बघाल?

पडवी :
विचारलं. म्हणाले, नवीन कशाला, पट्टीखालची कातडी झिजली असेल नाहीतर स्प्रिंग ढिली झाली असेल. कुठली पट्टी ते विचारतायत, काळी की पांढरी, आणि डावीकडून कितवी. फोन हातात घेऊनच बसलेत, लवकर सांगा.